विज्ञानाचा मास्तर कोणत्या पदवीने होतो?

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे बारावीतला एक भाचा येतो. यंदा चकली मोडता मोडता त्याने सांगून टाकले, "मामा, मला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आहे." त्याच्या वडिलांच्या हातचा चहा तसाच राहिला. मार्कांचा मुलगा आणि मास्तरकी! पुण्यासारख्या गावात असे व्हावे याची मला गंमत वाटली, कारण या गावाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा लौकिक मास्तरकीवरच उभा आहे. मी त्याला मग पदव्यांची हकीकत सांगत बसलो. तीच येथे देतो.

पहिले नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. जन्म 1824 चा. मुंबई विद्यापीठ निघाले 1857 साली, तेव्हा केरोपंत तिशी उलटून गेलेले; पदवी घेण्याचा प्रश्नच नव्हता. पोरवयात कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागून त्यांनी हवामानाची व आकाशाची निरीक्षणे केली, आणि आकडेमोड व यंत्रे यांच्या संगतीत विज्ञान शिकले. पुढे ते पुण्यास आले, शिकवू लागले आणि डेक्कन कॉलेजात गणिताच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. 1860 साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक प्रसिद्ध केले. टिळक त्यांचेच शिष्य. म्हणजे पुण्यातल्या गणित-विज्ञानाच्या अध्यापनाचा मूळपुरुष बिनपदवीचा! हे ऐकून भाच्याचे डोळे चमकले. परंतु त्याला लगेच सांगितले की केरोपंतांची वेधशाळा तुझ्याजवळ नाही.

पुढची पिढी पदवीधरांची. 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आलेले. टिळक गणित घेऊन बी.ए. झालेले आणि वर एल्एल्.बी. केलेले. शिकवावे कसे, याची परीक्षा त्यांपैकी कोणी दिली नव्हती. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व 1885 साली फर्ग्युसन कॉलेज झाले. 1890 च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्यांच्या मागे गणित कोणी शिकवायचे? गोखल्यांना आपले सहाध्यायी धोंडो केशव कर्वे आठवले. कर्वे 1884 साली एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बी.ए. झालेले आणि मुंबईत शाळांतून शिकवून तयार झालेले. 1891 पासून 1914 पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत राहिले. स्त्रीशिक्षणाच्या त्यांच्या थोर कार्यापुढे आपण हे विसरूनच जातो की त्या माणसाची भाकरी गणिताच्या तासांवर चालत होती. रघुनाथ परांजपे तर 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि येऊन पंचाहत्तर रुपयांवर सोसायटीत रुजू झाले. हा आकडा मी मुद्दाम भाच्याच्या वडिलांकडे पाहून उच्चारला. त्यांनी चहा घेतला.

विषय येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे, ही जाणीव आपल्याकडे जरा सावकाश रुजली. माध्यमिक शिक्षकांसाठी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मुंबईत 1906 साली सुरू झाले. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने 1941 साली टिळक शिक्षण महाविद्यालय काढले आणि बी.टी. पुण्यातल्या पुण्यात करता येऊ लागले. ज्याने कधी बी.टी. केले नाही, त्याच्याच नावाने बी.टी.चे कॉलेज! 1949 साली पुणे विद्यापीठ आले. बी.टी.चे पुढे बी.एड. झाले, पाठाचे टाचण, सराव पाठ, मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले निरीक्षक, हे सारे तसेच राहिले.

खरी अडचण मात्र निराळीच आहे, आणि ती फारसे कोणी सांगत नाही. कोठारी आयोगाने (1964-66) पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे करा असे सुचविले. महाराष्ट्रात अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन 1975 साली पहिली दहावीची परीक्षा झाली. आता शाळेतले विज्ञान म्हणजे भौतिक, रसायन आणि जीव, तिन्ही. कॉलेजातले बी.एस्सी. मात्र एका विषयाचे. पदार्थविज्ञानाच्या पदवीधराला नववीच्या वर्गात पेशी व ऊती शिकवाव्या लागतात; वनस्पतिशास्त्राचा पदवीधर विजेच्या मंडलापाशी अडखळतो. पोरांना ते पहिल्या आठवड्यातच कळते.

यावर उपाय म्हणून 1963 साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे राष्ट्रीय परिषदेची प्रादेशिक महाविद्यालये निघाली. तेथे विज्ञान व शिक्षणशास्त्र चार वर्षांत एकत्र देण्याची कल्पना होती. कल्पना उत्तम, पण बहुतेक शिक्षक आधी बी.एस्सी. आणि मग बी.एड. याच वाटेने आले. ते बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचे झाले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने पुन्हा चार वर्षांच्या एकत्रित पदवीचा पुरस्कार केला, आणि 2023 पासून निवडक संस्थांत ती सुरूही झाली. एक वर्ष वाचते, हा तिचा उघड फायदा.

मला स्वतःला जुनी वाट बरी वाटते. सतराव्या वर्षी ज्याला शिक्षक व्हायचे असते, त्याला विसाव्या वर्षी कदाचित संशोधक व्हावेसे वाटेल, बी.एस्सी. दोन्ही दारे उघडी ठेवते. मात्र ज्याचा निश्चय पक्का आणि घरची परिस्थिती बेताची, त्याला वाचलेले वर्ष लहान नव्हे. तेव्हा भाच्याला एवढेच सांगितले की पदार्थविज्ञान घ्यायचे तर घे, पण जीवशास्त्राची बारावीची वही रद्दीत देऊ नकोस.

"ती आईने गेल्याच आठवड्यात दिली," तो म्हणाला. मग त्याचे वडीलच उठले आणि अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके मिळतात का पाहू, म्हणून चपला घालू लागले.