अरवरीची संसद : निरीक्षणापासून नियमापर्यंत

राजस्थानातील अलवर जिल्ह्यात उगम पावणाऱ्या अरवरी नदीचा अलीकडील इतिहास बहुधा जलसंधारणाची यशोगाथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः नदीच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याचा अधिकार कोणाचा, आणि लोकांच्या निरीक्षणाला नियमाचे रूप कसे येते, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यास राजेंद्र सिंह व तरुण भारत संघ यांच्या साहाय्याने या परिसरातील ग्रामस्थांनी जोहड बांधण्याची जुनी रीत पुन्हा सुरू केली. उताराला आडवा घातलेला हा मातीचा चंद्रकोरी बांध पावसाचे पाणी अडवितो. ते मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना मिळते. उगमाकडील भांवता-कोल्याला येथून बांधांची साखळी वाढत गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यास, एरवी पावसाळ्यानंतर आटणारी नदी बारमाही वाहू लागली.

पाण्याबरोबर मासे आले आणि वादही आला. १९९६ मध्ये शासनाने मासेमारीचा ठेका दिला. ग्रामस्थांच्या विरोधामुळे तो रद्द झाला. परंतु नदी जगविणाऱ्यांचा तिच्यावर हक्क कोणता, हा प्रश्न उरला. त्यातूनच २६ जानेवारी १९९९ रोजी हमीरपूर येथे सुमारे ७० गावांची अरवरी संसद अस्तित्वात आली. प्रजासत्ताकदिनाची तारीख आणि ‘संसद’ ही संज्ञा, दोन्ही राज्यसंस्थेच्या परिभाषेतल्या. ठेका देणाऱ्या सत्तेची भाषाच येथे ग्रामस्थांच्या हक्काची भाषा झाली.

विहिरीची पातळी, प्रवाह टिकण्याचा काळ, डोहातील मासे ही नदीकाठच्या शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातली लक्षणे. संसदेने त्यांना निर्णयाची जोड दिली. होळीनंतर पावसाळ्यापर्यंत थेट नदीतून पाणी उपसू नये, ऊस-भातासारखी फार पाणी लागणारी पिके घेऊ नयेत, असे नियम तिने केले. खानदेशातील पांझरेवरच्या फड पद्धतीतही पीक सामूहिकरीत्या ठरते आणि पाटकरी पाणी वाटतो. तेथे बंधाऱ्याने वळविलेल्या पाण्याची वाटणी होते. अरवरीत नदीतच किती पाणी राहू द्यावे, याचा विचार होतो.

या नियमांमागे कायद्याचे बळ नव्हते. जो निरीक्षक, तोच निर्बंध सोसणारा. त्यांची सत्ता या एकाच गोष्टीवर उभी होती. म्हणूनच चोरून चालविलेला एक पंपही केवळ पाण्याचा नव्हे, तर त्या संमतीचा ऱ्हास ठरतो.