कबुतरे, जाळे आणि अलादीन

दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांत वर्धा, पुलगाव, हिंगणघाट येथे ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओट्यावर मोहल्ल्यातली सारी मुले जमत. त्या पिढीच्या मनात एक छोटी व्यंगचित्रफीत अजून आहे, 'एक, अनेक और एकता'. १९७४ची. दिग्दर्शिका मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे, आणि चित्रे हलती केली मुलतानला जन्मलेल्या भीमसेन यांनी. फाळणीच्या पलीकडून आलेला माणूस लहान मुलांना एकता समजावतो, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

त्यातली मुले कुठल्या धर्माची, हे कोणी सांगत नाही. पारध्याचे जाळे एकजुटीने उचलून नेणारे पक्षी आणि ते कुरतडणारे उंदीर सगळ्यांच्या ओळखीचे होतात. ही कथा पंचतंत्रातली, एवढे आपल्याला शाळेत शिकवले गेले. पण आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती पहलवीतून अरबीत नेली, 'कलीला व दिम्ना'त गळ्यात कंठ असलेली कबुतरी झाली, आणि १५८८ मध्ये अकबराच्या दरबारी अबुल फज्लने तो ग्रंथ सोप्या फारसीत लिहिला, हे कोणी सांगितले नाही. त्यामुळे ओट्यावरचे आपले पोर ती कथा दुसऱ्याची म्हणून पाहत राहिले.

आपली म्हणून जी आली, ती डिस्नेच्या 'अलादीन'मधून, १९९२ साली. मूळ कथेतला अलादीन चीनचा. ती कथा हलबच्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाने १७०९ मध्ये पॅरिसात गालाँला ऐकवली होती. डिस्नेने तिला अरबस्तान दिला. नायक-नायिका उजळ, नाकीडोळी नीटस, बोलणे अमेरिकी. शिपाई आणि फेरीवाले वाकड्या नाकांचे, जड उच्चारांचे. सुरुवातीच्या गाण्यात कान कापण्याची ओळ होती. अमेरिकेतल्या अरबांनी हरकत घेतली तेव्हा १९९३च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली. त्या मुलुखाला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला. हिंदी आवाज चढले की उच्चारांचा भेद आपोआप जातो. रेघांचा जात नाही, आणि मूल आधी रेघ पाहते.

म्हणून मला गिरडची टेकडी आठवते. समुद्रपूर तालुक्यातल्या या शेख फरीदबाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही जातात. तिथे सापडणारे गोल दगड म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल, असे सांगतात. नारळांचे दगड झाले. त्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी सुकलेल्या पानांचे नारळ करून दिले. मग ते दोघे तिथेच खिदमतीला राहिले. टेकडीवर त्यांच्या कबरी दाखवतात.

दगड होणारे नारळ, नारळ होणारी पाने. चित्रकाराला याहून काय हवे? फक्त त्या व्यापाऱ्यांची नाके कशी काढायची, ते त्याने आधी ठरवावे.