द्राक्षघोस आणि गळू

१८८० साली अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांना गळवाच्या पुवात द्राक्षघोसासारखे जंतू दिसले. ‘स्टॅफिलोकॉकस’ हे ग्रीक नावही त्यांचेच. शत्रू ओळखला गेला. खात्रीचे औषध मात्र साठ वर्षे दूर होते. तोवर पोटीस आणि चाकू!

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास पेनिसिलिन टोचले गेले. गळवांनी चेहरा पोखरला होता, एक डोळा काढावा लागला होता. ज्वर उतरला, अन्न जाऊ लागले. औषध इतके दुर्मीळ, की त्याच्याच मूत्रातून ते परत मिळवून पुन्हा टोचीत. पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो वारला. पुढचे रुग्ण बहुतेक बालके निवडली गेली, कारण त्यांना औषध थोडे पुरे. पेनिसिलिन निकामी करणारे जंतूंचे द्रव्य मात्र अब्राहम व चेन यांनी १९४० मध्येच नोंदविले होते.