वाहनांचा कर आणि हिशेबाचा ताळा

आमच्या संग्राहकांची दृष्टि सनदा, महजर व वंशावळी यांकडे सहज वळते. भाडोत्री वाहनांच्या कराच्या पावत्या मात्र रद्दींत जातात. पण हिशेबाचा खरेपणा पूर्वीं कसा ठरे व आज कसा ठरतो, हें समजण्यास हे कागद फार उपयोगी आहेत, असें आमचें मत आहे.

नेरळ, कर्जत व खालापूर हा टापू कोंकणांतून देशावर जाणाऱ्या वाटेचा. पेशवाईंत बोरघाटानें माल बैलांच्या पाठीवरून चढे. माल भरल्या ठिकाणीं थळभरीत व विकल्या ठिकाणीं थळमोड अशी जकातीची विभागणी असे. दस्तक मालाबरोबर जाई. वसुलीचा हिशेब कमाविसदाराकडे राही. प्रांतांचे हिशेब पुढें हुजूर दप्तरीं फड, बेहेडा वगैरे शाखांत येत, आणि एकबेरीज दप्तरांत त्यांचे ताळेबंद लागत. या दप्तरावर ज्यांची दीर्घकाळ हुकमत होती, त्या नाना फडणिसांनींच घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस तलाव व महादेवाचें देऊळ बांधलें.

लष्करी घोड्यांची नोंद याहूनहि काटेकोर. उसना घोडा हजिरीस उभा करून पगार उचलण्याची लबाडी जुनीच. तिच्या बंदोबस्तासाठीं अकबरानें घोड्यास दाग देण्याची व चेहरा लिहिण्याची पद्धति चालविली. वाहनाच्या सांगाड्यावर आज कोरलेला क्रमांक म्हणजे तो दागच होय. पाटी बदलली तरी ओळख राहते.

बोरघाट १८३० मध्यें गाड्यांस खुला झाला. १८५६ मध्यें नेरळवरून खोपोलीपर्यंत आगगाडी आली. मोटारींसाठीं १९१४, १९३९ व १९८८ असे अखिल भारतीय कायदे झाले. वस्तु व सेवा कर २०१७ मध्यें आल्यावर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले, आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठीं ई-वे बिल आलें. त्यांत मालाबरोबर वाहनाचा क्रमांकहि असतो व मुदत अंतरावर ठरते. म्हणजे दस्तक नव्या रूपानें परत आलें.

अनेक मालमोटारी बाळगणाऱ्यास आज प्रत्येक गाडीची नोंदणी, कर, योग्यता प्रमाणपत्र, परवाना व विमा यांच्या निरनिराळ्या मुदती सांभाळाव्या लागतात. म्हणून गाडीगणिक स्वतंत्र पान ठेवून त्यावर भरलेली रक्कम, तारीख, पावतीचा क्रमांक व मुदत लिहावी, हीच सुरक्षित रीत. तपासनीस तें पान पावतीशीं, पावती बँकेच्या खात्याशीं व खातें सरकारी नोंदीशीं ताडून पाहतो. सरकारी नोंद आतां ‘वाहन’ या संगणकीय दप्तरांत असते. पण केवळ तिच्यावर विसंबून मालकानें आपले कागद टाकले, तर भरलेला कर चुकून थकबाकींत दिसल्यास त्याच्या बाजूनें बोलणारा दुसरा साक्षीदार उरत नाहीं.

पुढील अभ्यासकासहि हीच अडचण येणार. कमाविसदाराचा हिशेब दप्तरांत मिळतो, पण बैलवाल्याच्या हातचें दस्तक क्वचितच. यास्तव नेरळ-खोपोलीकडील जुन्या वाहनमालकांच्या घरच्या वह्या, करपावत्या व परवाने संग्राहकांनीं मागून घ्यावे, आणि ते सुटे न करतां एकेका मालकाच्या जुडग्यानें, मूळ क्रमानें जतन करावे.