घंटा, अंडी आणि मेलेले घोडे

दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. शब्द सीमा ओलांडून आला म्हणजे अर्थही त्याच्याबरोबर येतोच असे नाही. कधी कधी तो नाक्यावरच अडकतो. 'शांति की चेष्टा' असा हिंदी मथळा असेल तर त्यात शांततेचा प्रयत्न असतो. इंदूरला नुकतीच सासरी गेलेली आपली मुलगी तो वाचते आणि शांततेची कोणी थट्टा मांडली म्हणून चिडते. 'शांति का अवसर' म्हणजे शांततेची संधी. आपल्या कानडी शेजाऱ्याच्या कानाला मात्र 'अवसर' म्हणजे घाई. तो म्हणतो, एवढी घाई कसली? एकाला थट्टा दिसली, दुसऱ्याला घाई. संधी बिचारी तशीच निघून गेली.

ओसरीवर अशा घोटाळ्याची किंमत फार तर एक कप चहा. रणांगणावर ती किती होते याचा हिशेब पहिल्या महायुद्धाने (१९१४-१८) मांडून ठेवला आहे. ते युद्ध तोफांइतकेच छापखान्यांचेही होते. आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या आणि इकडे गावी लढाईची खबर इंग्रजीतून मराठीत उतरत येत होती. युरोपात तर एकेका बातमीला तीन-तीन भाषांचे पाणी लागत होते.

पहिली गोष्ट घंटांची. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प शहर जर्मनांच्या हाती पडले. कोलोनच्या जर्मन पत्राने लिहिले की, ही वार्ता कळताच चर्चच्या घंटा वाजवण्यात आल्या. म्हणजे जर्मनीत, आनंदाने. पॅरिसच्या पत्राने याचा अर्थ लावला तो असा, की अँटवर्पच्या धर्मगुरूंना घंटा वाजवायला भाग पाडले. लंडनच्या पत्रात नकार देणाऱ्या धर्मगुरूंना पदावरून हाकलले गेले. इटालियन पत्रात त्यांना सक्तमजुरी झाली. बातमी फिरून पॅरिसला परत आली तोवर त्या बिचाऱ्यांना घंटेत लोलकाच्या जागी उलटे टांगण्यात आले होते!

ब्रिटिश खासदार आर्थर पॉन्सनबी यांनी युद्धकाळातील असत्यांवर १९२८ साली लिहिलेल्या पुस्तकात ही साखळी दिली आणि ती जगभर गाजली. कल्पना करा, कोलोनच्या चर्चमधला दोर ओढणारा गडी रविवारी कामावर निघाला आहे आणि बायको दारात आडवी येते, "आधी वर जाऊन बघा, कोण लटकलंय ते!" गडी जिना चढतो. वर कबुतरांखेरीज कोणी नाही. खाली येऊन तसे सांगतो, तर दुसऱ्या दिवशी पाचव्या पत्रात मथळा: धर्मगुरूंची जर्मनांनी कबुतरे केली.

पण खरी गंमत पुढेच आहे. अभ्यासकांनी मूळ शोधले तेव्हा आढळले की ही साखळीच बनावट होती. शत्रूची वृत्तपत्रे कशी तिळाचा ताड करतात हे दाखवण्यासाठी एका जर्मन पत्राने १९१५ साली ती रचली होती. म्हणजे असत्यांचा पंचनामा करायला बसलेल्या पॉन्सनबींच्याच पुस्तकात एक असत्य पाटावर बसून जेवून गेले.

दुसरी गोष्ट अंड्यांची. ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस इंग्लंडभर आवई उठली की, रशियन फौजा उत्तरेच्या अर्खांगेल्स्क बंदरातून जहाजाने स्कॉटलंडला उतरल्या असून रात्रीच्या आगगाड्यांतून फ्रान्सकडे निघाल्या आहेत. डब्यांचे पडदे ओढलेले. दाढीवाले शिपाई. कोणी तर फलाटावर त्यांना बुटांवरचे बर्फ झटकताना पाहिले. ऐन उन्हाळ्यात, दर्यापार येऊन, बर्फ वितळले कसे नाही, हे कोणी विचारले नाही. ब्रिटिश पत्रे सेन्सॉरमुळे गप्प होती, तेव्हा लोक म्हणाले, पाहा, बातमी दडपली आहे, म्हणजे खरीच असली पाहिजे. अमेरिकन पत्रांनी तर ती छापूनही टाकली. अखेर १५ सप्टेंबर १९१४ ला सरकारी प्रेस ब्यूरोने इन्कार केला.

मुळाशी काय होते? दोन कथा सांगतात. एक अशी, की कुठून आलात असे विचारल्यावर स्कॉटिश शिपायांनी आपल्या उच्चारात 'रॉसशायर' असे सांगितले आणि ऐकणाऱ्याने 'रशिया' ऐकले. दुसरी अशी, की लंडनच्या एका व्यापाऱ्याला तार आली: दोन लाख रशियन अर्खांगेल्स्कमार्गे रवाना. तारेला शब्दागणिक पैसे पडतात, म्हणून पाठवणाऱ्याने 'अंडी' हा शब्द गाळला होता.

आता ही तार जर्मन सेनापतीच्या हाती पडली असती तर? तो पॅरिसची वाट सोडून मागे वळतो, समुद्रकिनारी खंदक खणतो आणि दुर्बीण लावून बसतो. धुक्यातून जहाज येते. समोर गवतात गुंडाळलेली शत्रुसेना, ओळीने, शिस्तीत, एकही शिपाई हलत नाही. पहिल्या गोळ्यासरशी निम्मी पलटण फुटते. इतिहासकार या लढाईला 'ऑम्लेटची लढाई' म्हणतात आणि युद्ध संपल्यावर अज्ञात सैनिकाच्या समाधीशेजारी अज्ञात अंड्याचे स्मारक उभे राहते.

हसू येते खरे. पण ही आवई खरोखरच जर्मनीपर्यंत गेली होती. कार्ल लोडी हा जर्मन हेर अमेरिकन प्रवासी म्हणून एडिंबरोत राहत होता. त्याने रशियन आल्याचे पत्र धाडले. ब्रिटिश त्याची पत्रे फोडत होते, अडवत होते. हे एक मात्र त्यांनी मुद्दाम जाऊ दिले. खरी माहिती अडली, खोटी पोहोचली. ६ नोव्हेंबर १९१४ ला लंडनच्या टॉवरमध्ये लोडीला गोळ्या घातल्या गेल्या.

तिसरी गोष्ट घोड्यांची. १० एप्रिल १९१७ ला एका बर्लिनच्या पत्राच्या वार्ताहराने लिहिले की, आघाडीमागून जाताना एका कारखान्याची दुर्गंधी आली. तेथे 'काडाव्हर' उकळून चरबी काढतात, हाडे दळतात. जर्मनमध्ये 'काडाव्हर' हा शब्द मेलेल्या जनावराला लावतात. युद्धात घोडे ढिगाने मरत होते आणि ते तिथे जात होते. पण तोच शब्द इंग्रजीत माणसाच्या प्रेताला लावतात. १७ एप्रिलला लंडनच्या पत्रांनी जगाला सांगितले की, जर्मन लोक स्वतःच्याच मृत सैनिकांची चरबी काढतात.

मरणोत्तर बढती अनेकांना मिळाली असेल. मेलेल्या घोड्यांना थेट माणसांत बढती मिळाल्याचे हे एकमेव उदाहरण. त्या घोड्याच्या नावे सरकारी टपाल निघाले असते तर? 'आपला सुपुत्र देशाच्या कामी आला.' तबेल्यात घोडी ते वाचते आणि मालकाला विचारते, पेन्शन कोणत्या तारखेला?

इथवर हसून घेतले. यापुढे हसता येत नाही. डिसेंबर १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये जर्मन सरकारचा इन्कार मान्य केला. गोष्ट खोटी ठरली. लोकांनी धडा घेतला की, जर्मनांच्या क्रौर्याच्या बातम्या या अशाच असतात. मग १९४२ चा जून आला. पोलंडमध्ये सात लाख ज्यूंची कत्तल झाल्याची बातमी लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने छापली. ती आतल्या पानावर होती आणि ती खरी होती. पुढच्याच वर्षी, १९४३ च्या ऑगस्टमध्ये, गॅसकोठड्यांच्या वृत्ताबद्दल ब्रिटिश गुप्तवार्ता समितीचे प्रमुख व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी शेरा लिहिला की, यावरून मागच्या युद्धातल्या प्रेतांच्या चरबीच्या कथेची आठवण होते. २६ वर्षांपूर्वीच्या एका चुकीच्या शब्दाने खऱ्या साक्षीला खोटे पाडले होते.

खोट्या मथळ्याचे नुकसान त्या दिवशी होते तेवढेच नसते. तो पुढच्या खऱ्या बातमीची पत आधीच खर्च करून बसतो. आपल्या भागात एकाच दिवशी, एकाच घटनेचे दोन लिपींतले दोन मथळे एकाच टपरीवर टांगलेले असतात आणि ते नेहमी जुळतात असे नाही. अशा वेळी रक्त तापवून घेण्याआधी दुसरी लिपी वाचता येणाऱ्या शेजाऱ्याला हाक मारावी आणि विचारावे, "अहो, मूळ शब्द काय आहे?" तो सांगेल. कदाचित नुसते घोडेच मेलेले असतील. आणि कधी खरोखरच माणसे मेलेली असतील, तर निदान तेव्हा आपण विश्वास ठेवायला शिल्लक असू.