मतैक्यवृक्ष
मतैक्यवृक्ष : एकाच सजीवगटासाठी मिळालेल्या अनेक वंशवृक्षांत जे उपगट पुन्हा पुन्हा आढळतात, तेवढेच राखून काढलेला वृक्ष. उदाहरणार्थ, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक येथून इंद्रनील दास व कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ मध्ये ‘निक्टिबॅट्रॅकस पेट्रीअस’ ही बेडकाची नवी जाती नोंदवली. पश्चिम घाटाबाहेर न आढळणाऱ्या निक्टिबॅट्रॅकस या प्रजातीत २०१७ पर्यंत ३५ जाती ज्ञात झाल्या होत्या. त्यांपैकी दहाच घेतल्या, तरी त्यांचे मुळासह द्विशाखी वृक्ष ३,४४,५९,४२५ प्रकारे मांडता येतात. एवढ्या शक्यतांत एकच ‘सर्वोत्तम’ वृक्ष छापला, तर त्याच्या तोडीचे इतर वृक्ष वाचकाला दिसतच नाहीत. म्हणून फेल्सनस्टाइन यांच्या १९८५ च्या पद्धतीने डीएनए-माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेतात, प्रत्येक नमुन्यावरून वृक्ष काढतात आणि त्या सर्वांचे मतैक्य पाहतात. मतैक्य काढण्याची काटेकोर पद्धत सर्व वृक्षांत असलेलेच उपगट ठेवते; त्यामुळे अपुऱ्या माहितीची एखादी भटकी जातीही सारी रचना सपाट करू शकते. बहुमत पद्धत निम्म्याहून अधिक वृक्षांतले उपगट ठेवते, आणि तिचा पाया भक्कम आहे : असे कोणतेही दोन उपगट किमान एका वृक्षात एकत्र येणारच, म्हणून ते परस्परविरोधी असू शकत नाहीत. समजा, १,००० पैकी ६४० वृक्षांत पेट्रीअस व याच प्रजातीतील हुमायुनी या जाती जोडीने आल्या. तर त्या फाट्यावर ६४ हा आकडा येतो. हाती असलेली माहिती त्या जोडीला किती सातत्याने दुजोरा देते, एवढेच त्यातून कळते. ती जोडी खरी असण्याची शक्यता ६४ टक्के, असे त्यावरून म्हणता येत नाही.

बॅरेट, डोनोह्यू व सोबर यांनी १९९१ मध्ये मतैक्याच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतला : वेगवेगळ्या माहितीसंचांच्या वृक्षांचे मतैक्य, सारी माहिती एकत्र करून मिळालेल्या वृक्षाच्या विरुद्धही जाऊ शकते, मग माहितीच एकत्र का करू नये? आक्षेप योग्य आहे, पण सर्व जनुकांचा इतिहास एकच असेल तेथेच. जाती झपाट्याने वेगळ्या झाल्या असतील, तर सर्वांत संभाव्य जनुकवृक्षही (एकेका जनुकाचा वंशवृक्ष) जातिवृक्षाहून निराळा असू शकतो, हे डेग्नन व रोझेनबर्ग यांनी २००६ मध्ये दाखवले. तेथे जनुके नुसती जोडल्याने किंवा जनुकवृक्षांचे बहुमत मोजल्याने भागत नाही. जनुकांच्या वंशरेषा भूतकाळात कशा एकत्र येतात याचे प्रतिमान लागते. म्हणून मतैक्यवृक्ष म्हणजे घडलेला इतिहास नव्हे. तो पुराव्याच्या एकवाक्यतेचा अहवाल आहे, आणि कोणते वृक्ष एकत्र केले हे सांगितल्याशिवाय तो अपुराच राहतो. त्यातील बहुशाखी फाट्यावरून जाती एकाच वेळी फुटल्या असे ठरवणे चूक आहे. बहुतेकदा तेथे पुरावा विभागलेला असतो, आणि पुढची जनुके व नमुने आधी त्याच जातींचे तपासावे लागतात.