आगगाडी आणि नेत्रपरीक्षा



रात्रीच्या गाडीने भुसावळास उतरलेल्या मनुष्याने क्षणभर फलाटाच्या टोकाशी उभे राहून पाहावे. अंधारात तांबडे, पिवळे, हिरवे दिवे दूरवर पसरलेले दिसतात. एक वाट मुंबईची, एक खांडव्याची, एक अकोल्यावरून नागपूरची. १८६६ साली लोहमार्ग येथून पुढे खांडव्यास पोचला, १८६७ साली दुसरा फाटा नागपुरास गेला, आणि तापीकाठचे हे लहानसे गाव बघता बघता मोठे जंक्शन झाले. प्रवाशाला हे दिवे म्हणजे रात्रीची शोभा; इंजिनावरील मनुष्याला ती आज्ञा असते. ती त्याने चुकीची वाचली, तर मागे झोपलेल्या शेकडो जिवांचे काय होईल हे सांगावयास नको.

आजचा माझा विषय डोळ्यांची वेळोवेळी करावयाची परीक्षा हा आहे, आणि त्याचा इतिहास सांगावयास मला दवाखान्यापेक्षा हे जंक्शन अधिक सोयीचे वाटते. डोळा दुखला की मनुष्य वैद्याकडे जातो, हे सुश्रुताच्या काळापासून चालत आले आहे. पण काहीही दुखत-खुपत नसता, धडधाकट मनुष्याचे डोळे ठराविक मुदतीने तपासावयाचे, ही कल्पना तुलनेने अगदी अलीकडची. आणि ती अंगवळणी पाडण्यात आगगाडीचा व आगबोटीचा वाटा फार मोठा आहे.

ह्या कथेचा आरंभ मात्र एका फुलापासून होतो. अणुवादाचा प्रणेता म्हणून ज्याचे नाव आपण शाळेत शिकतो, तो जॉन डाल्टन पंचविशी उलटेपर्यंत आपली दृष्टी इतरांसारखीच आहे असे समजत होता. जिरेनियमचे गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी दिसे. एकदा ते त्याने मेणबत्तीच्या उजेडात पाहिले, तेव्हा ते तांबडे दिसले. मित्रांना विचारले, तर कोणालाच असा पालट दिसेना. दिसला तो फक्त त्याच्या सख्ख्या भावाला! १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्याने आपल्या ह्या वर्णांधतेवर निबंध वाचला. डोळ्यातील द्रवच निळा असावा असा त्याचा तर्क होता, आणि आपल्या मरणानंतर तो पडताळून पाहावा अशी त्याची इच्छा होती. १८४४ साली तो वारला. डोळा उघडून पाहिला तो द्रव काचेसारखा स्वच्छ. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अवशेषांवरून १९९५ साली शास्त्रज्ञांनी खरे कारण शोधून काढले: हिरवा रंग टिपणारे रंजकद्रव्यच त्याच्या डोळ्यांत नव्हते. एवढा सूक्ष्म निरीक्षक, आणि स्वतःच्या डोळ्यातील न्यून कळावयास त्याला एक फूल व एक मेणबत्ती योगायोगाने एकत्र यावी लागली.

असा मनुष्य इंजिनावर असेल तर? हा प्रश्न एडिंबरोच्या जॉर्ज विल्सनने १८५५ सालच्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे विचारला होता. पण परिपाठ पडावयास अपघात घडावा लागला. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या व नऊ माणसे मेली. उप्सालाचे अध्यापक फ्रित्योफ होल्मग्रेन ह्यांना संशय आला तो वर्णांधतेचा. अपघाताचे कारण खरोखर तेच होते काय, ह्याविषयी पुढील संशोधकांनी शंका घेतली आहे, आणि ती रास्त आहे. तथापि संशयातून जे निघाले ते खरे ठरले. होल्मग्रेन ह्यांनी एका लोहमार्गावरील २६६ नोकरांची परीक्षा घेतली. त्यांत तेरा वर्णांध निघाले. त्यांची युक्ती मोठी मार्मिक होती. ते रंगाचे नाव विचारीतच नसत. फिकट हिरव्या लोकरीची एक लडी समोर ठेवावयाची व ढिगातून तिच्यासारख्या लड्या वेचावयास सांगावयाचे. नावे पाठ करता येतात. लडी वेचताना डोळा उघडा पडतो. १९१७ साली जपानच्या इशिहारांनी ठिपक्यांत लपविलेल्या अंकांचे तक्ते प्रसिद्ध केले, ते आजही वापरात आहेत. दूरच्या दृष्टीसाठी उट्रेक्टच्या स्नेलेनचा अक्षरतक्ता १८६२ सालापासून होताच.

आपल्याकडील रेल्वेतही इंजिन चालविणाऱ्यास भरतीच्या वेळी चष्म्यावाचून सहा बटा सहा दृष्टी असावी लागते, आणि पुढे नोकरीभर ठराविक मुदतीने परीक्षा द्यावी लागते. वय वाढेल तशी मुदत कमी होते. शिवाय सिग्नल दिसताच चालक व त्याचा साहाय्यक दोघेही तो मोठ्याने उच्चारतात. एकट्या डोळ्यावर विसंबू नये, हे रेल्वेने फार पूर्वी ओळखले.

ह्या परीक्षेची रेल्वेच्या चाळींतून केवढी धास्ती असे, हे त्या घरांतच कळे. नापास होणे म्हणजे इंजिन जाणार, मायलेजचा भत्ता जाणार. माझ्या लहानपणी आमच्या ओळखीचे एक वयस्क ड्रायव्हर होते. तक्त्यावरील शेवटची ओळ त्यांना भीमरूपीसारखी पाठ होती. एका वर्षी तक्ताच बदलला. त्यांना कचेरीत बसविले, तेव्हा ते ज्याला त्याला सांगत, “अहो, मला तर सगळे स्वच्छ दिसते!” ते खोटे बोलत नव्हते. दृष्टी हळूहळू मंदावली की मंद दिसणे हेच स्वच्छ दिसणे होऊन बसते. १९९५ च्या अपंग व्यक्तींसंबंधीच्या कायद्याने अशा सरकारी नोकराचे पद व वेतनश्रेणी राखण्याची तजवीज केली, हे योग्यच झाले. पोटाची भीती असेल तेथे मनुष्य डोळा लपवितो.

पण रेल्वेने इंजिनावरच्या मनुष्यासाठी जे केले, ते आपण आपल्या घरात कितपत करतो? फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार मूल सहसा करीत नाही. सर्वांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते, डाल्टनची होती तशीच. एक डोळा मंद असल्यास दुसऱ्यावर त्याचे बिनबोभाट चालते, आणि सातआठ वर्षांनंतर त्या मंद डोळ्यावर उपचार कठीण होत जातात. म्हणून शाळेत घालण्यापूर्वीच एकदा तपासणी व्हावी. प्रौढपणी आपण चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतो. इतके ते वय भाषेने नेमून दिले आहे. मात्र चाळिशी लागली की बाजारातून तयार भिंगे आणून वेळ मारून नेतात, आणि परीक्षा राहून जाते. वाचावयास येणे निराळे व डोळा निरोगी असणे निराळे. मधुमेह्याच्या डोळ्यातील पडदा बिघडू लागला, तरी प्रारंभी अक्षर स्पष्टच दिसते. बाहुली मोठी करून आत पाहिल्यावाचून ते कळत नाही.

सर्वांत कपटी काचबिंदू. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते; काचबिंदूने गेलेली येत नाही. बहुतेकांत तो दुखत नाही, कडेकडेने दृष्टी कुरतडीत आत सरकतो, आणि समोरचे अखेरपर्यंत ठीक दिसत राहते. येथे डाल्टनच्या भावाची पुन्हा आठवण होते, कारण काचबिंदूही घराण्यातून चालत येतो. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणास तो निघाला असेल, तर बाकीच्यांनी वयाची वाट न पाहता डोळ्याचा दाब मोजून घ्यावा व आतील मज्जातंतू तपासून घ्यावा. त्यास फारतर एक सकाळ लागते, आणि बाहुलीत औषध घातले असेल तर परतताना सोबतीला कोणीतरी असावे.